निर्वासितांच्या बाजूने राज्यात पाठपुरावा करणाऱ्या संस्थांना मदत कशी करावी : न्यू जर्सीतील मराठी मंडळींसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत निर्वासित म्हणून किती जणांना प्रवेश द्यायचा, हे दर वर्षी राष्ट्राध्यक्ष ठरवतात. मात्र आलेल्या कुटुंबाच्या मुलांना आरोग्यविमा मिळेल का, सरकारी कचेरीतले कागद त्यांना समजतील अशा भाषेत असतील का, काबूलमध्ये काम केलेल्या परिचारिकेला इथे पुन्हा परिचारिका होता येईल का, या प्रश्नांचा निकाल बहुतांशी राज्याच्या राजधानीत, म्हणजे आपल्यापुरता ट्रेंटनमध्ये लागतो. आपली मंडळे ब्लँकेटे, कुकर आणि हिवाळी कपडे उत्साहाने गोळा करतात, आणि ते चांगलेच आहे. पण ट्रेंटनमध्ये वर्षभर हेलपाटे घालणाऱ्या, विधेयकाचा मसुदा वाचून त्यातली पळवाट दाखवणाऱ्या संस्थांना आपल्याकडून फारसे काही मिळत नाही. त्यांना नेमके काय हवे असते आणि ते कायद्याच्या चौकटीत राहून कसे द्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी चौकट समजून घ्या

सध्याची पुनर्वसन व्यवस्था १९८० च्या निर्वासित कायद्यातून उभी राहिली. २०२५ मधील बदलांपूर्वी परराष्ट्र खाते राष्ट्रीय पातळीवरील मोजक्या पुनर्वसन संस्थांशी करार करत असे, आणि त्या संस्था आपल्या स्थानिक शाखांमार्फत किंवा सहयोगी संस्थांमार्फत कुटुंबाला विमानतळावर उतरवून घेत, घर शोधून देत, मुलांची नावे शाळेत घालत. हा पहिला टप्पा साधारण ९० दिवसांचा असे. विमानभाडेसुद्धा बहुतेकांना कर्जाऊ मिळते आणि नोकरी लागल्यावर ते हप्त्याहप्त्याने फेडावे लागते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. त्यापुढची मदत केंद्राच्या आरोग्य खात्यातील निर्वासित पुनर्वसन कार्यालयाच्या पैशातून, पण राज्यांमार्फत चालते, आणि त्यासाठी प्रत्येक सहभागी राज्यात एक निर्वासित समन्वयक असतो.

२०२५ मध्ये या व्यवस्थेचे चित्र बदलले. जानेवारीत नव्या प्रवेशांना स्थगिती मिळाली आणि त्याच महिन्यात पुनर्वसन संस्थांना चालू काम थांबवण्याचे आदेश आले. अनेक संस्थांना त्यामुळे कर्मचारी कमी करावे लागले. अल्पवयीन मुले नसलेल्या किंवा एकट्या निर्वासितांना मिळणारी रोख मदत आधी १२ महिने चालत असे, ती ५ मे २०२५ पासून नव्याने पात्र ठरणाऱ्यांसाठी ४ महिन्यांवर आली. जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने निर्वासितांना ग्रीन कार्ड मिळेपर्यंत अन्नसाहाय्य योजनेतून, म्हणजे स्नॅपमधून, वगळले, आणि मेडिकेडच्या, म्हणजे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, बाबतीत तशीच तरतूद १ ऑक्टोबर २०२६ पासून लागू होईल असे ठरवले. निर्वासिताला ग्रीन कार्डासाठी अर्जच मुळी इथे एक वर्ष राहिल्यावर करता येतो, हे लक्षात घेतले की मधली पोकळी किती मोठी आहे ते कळते. २०२५ च्या आर्थिक वर्षासाठी १,२५,००० असलेली प्रवेशमर्यादा २०२६ साठी ७,५०० झाली.

यावर एक प्रश्न हमखास येतो : आता कोणी येतच नसेल तर पाठपुरावा कशासाठी? एकट्या २०२४ च्या आर्थिक वर्षात एक लाखाहून अधिक निर्वासित या देशात आले. ही कुटुंबे इथेच आहेत, आणि केंद्राने हात आखडता घेतल्यावर राज्य स्वतःच्या तिजोरीतून ती जागा भरून काढणार की नाही, हा प्रश्न नेमका त्यांच्याच बाबतीत उभा आहे.

राज्याचे हात कुठपर्यंत पोचतात, हेही नीट समजून घ्यावे. २०१६ मध्ये राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी न्यू जर्सीला केंद्राच्या पुनर्वसन कार्यक्रमातून बाहेर काढले. तरीही निर्वासित येत राहिले, कारण समन्वयाचे काम राज्याऐवजी इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी या संस्थेकडे गेले. राज्य सरकारने ती जबाबदारी पुढचे राज्यपाल फिल मर्फी यांच्या काळात पुन्हा अंगावर घेतली. २०१९ मध्ये केंद्राने आदेश काढला की राज्याच्या आणि स्थानिक प्रशासनाच्या लेखी संमतीशिवाय तिथे पुनर्वसन करू नये. जानेवारी २०२० मध्ये टेक्सासच्या राज्यपालांनी संमती नाकारली आणि काही दिवसांतच मेरिलंडमधील केंद्रीय न्यायालयाने तो आदेश रोखला. म्हणजे दार उघडायचे की लावायचे, यात राज्याला फारसा अधिकार नाही. आत आलेल्या माणसाचे पुढे काय होते, यात मात्र तो भरपूर आहे. ‘निर्वासितांना येऊ द्या’ अशी मागणी घेऊन राज्याच्या आमदाराकडे जाणे म्हणूनच वाया जाते, आणि ‘या शीर्षाखाली इतकी तरतूद करा’ हे सांगायला गेलेला माणूस त्याच्या लक्षात राहतो.

संस्था निवडताना

या क्षेत्रात ढोबळमानाने तीन प्रकारच्या संस्था दिसतात. पहिल्या प्रत्यक्ष पुनर्वसन करणाऱ्या. हायलंड पार्कच्या रिफॉर्म्ड चर्चमधून उभी राहिलेली इंटरफेथ-राइज किंवा जर्सी सिटीतील चर्च वर्ल्ड सर्व्हिसची शाखा ही आपल्या परिसरातली उदाहरणे. दुसऱ्या प्रामुख्याने धोरणावर काम करणाऱ्या आघाड्या. न्यू जर्सी अलायन्स फॉर इमिग्रंट जस्टिस ही अशी आघाडी आहे, आणि तिचा विषय निर्वासितांपुरता नसून सर्वच स्थलांतरितांचा आहे. तिसऱ्या, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे निर्वासितांनी स्वतः काढलेल्या छोट्या संस्था : एखाद्या समाजाची संघटना, महिलांचा गट, कधी शनिवारची भाषाशाळा. माझे मत असे की पैसा पहिल्या दोन प्रकारांत जास्त सुरक्षित राहतो, पण धोरण कुठे बोचते याची खरी जाण तिसऱ्या प्रकारात असते. शक्य असेल तर एक मोठी आणि एक छोटी अशा दोन संस्था निवडाव्यात, पाचसहा ठिकाणी थोडे थोडे वाटत बसू नये.

पारख करण्यासाठी फार खटाटोप लागत नाही. आयआरएसच्या, म्हणजे केंद्रीय कर खात्याच्या, संकेतस्थळावर करमुक्त संस्थांचा शोध घेता येतो, आणि राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे धर्मादाय संस्थांची नोंदणी असते. संस्थेचे वार्षिक विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ९९०, प्रोपब्लिकाच्या नॉनप्रॉफिट एक्स्प्लोरर या सुविधेवर फुकट वाचता येते. त्यात भाग ९ मध्ये खर्चाची फोड असते, भाग ७ मध्ये वरिष्ठांचे पगार असतात, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेड्यूल सी, ज्यात संस्थेने कायदेविषयक पाठपुराव्यावर, म्हणजे लॉबिंगवर, किती खर्च केला ते दाखवलेले असते. जी संस्था माहितीपत्रकात ‘धोरणबदल’ हा शब्द ठळक छापते पण जिचे शेड्यूल सी सलग काही वर्षे जोडलेलेच नाही, तिला त्याचे कारण नम्रपणे विचारावे. कारण नेहमी वाईट नसते. बहुतेकदा ती संस्था आघाडीत सामील असते आणि खर्च आघाडीच्या खात्यात पडतो.

दोन ठिकाणी फसगत होऊ शकते. चर्चसारख्या धार्मिक संस्थांना फॉर्म ९९० भरावा लागत नाही, त्यामुळे तो सापडला नाही म्हणजे काळेबेरे आहे असे नव्हे. आणि वर्षाला साधारण ५०,००० डॉलरच्या आतली उलाढाल असलेल्या छोट्या संस्था ९९०-एन नावाचे अगदी त्रोटक ऑनलाइन विवरण भरतात, त्यातून काहीच कळत नाही. तिथे प्रत्यक्ष जाऊन बोलणे हाच मार्ग. काही छोट्या गटांची स्वतःची नोंदणी नसते आणि त्यांचा पैसा एखाद्या मोठ्या संस्थेच्या खात्यामार्फत येतो. तेव्हा धनादेश कोणाच्या नावे काढायचा आणि कुठल्या प्रकल्पाचा उल्लेख करायचा, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

भेटीला गेल्यावर काय विचारावे? ‘तुम्ही किती लोकांना मदत केली’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याऐवजी विचारावे की या अधिवेशनात तुम्ही कोणत्या विधेयकाच्या मागे आहात, त्याचा क्रमांक काय, ते कोणत्या समितीत अडले आहे, आणि तुमच्या बैठकांत निर्वासित स्वतः बोलतात का. ज्यांना क्रमांक आणि समिती तोंडपाठ असते ते खरे पाठपुरावा करणारे. ‘आम्ही जागृती करतो’ एवढेच उत्तर आले तर तिथे कपडे आणि भांडी द्यावीत, धोरणासाठीचा पैसा दुसरीकडे द्यावा.

लॉबिंग म्हटल्यावर दचकू नका

आपल्याकडे असा समज पक्का आहे की करसवलत मिळणाऱ्या संस्थेने राजकारणापासून चार हात लांब राहावे. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ५०१(सी)(३) प्रकारच्या, म्हणजे जिच्या देणगीदारांना करसवलत मिळते अशा, संस्थेला उमेदवाराचा प्रचार करण्यास पूर्ण बंदी आहे : पाठिंबा नाही, विरोध नाही, आडून सूचनाही नाही. पण विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्यास तिला मर्यादेत मुभा आहे. संस्थेने आयआरएसकडे फॉर्म ५७६८ हा एक पानाचा फॉर्म भरला असेल तर ही मर्यादा मोघम राहत नाही, आकड्यांत ठरते : वार्षिक कार्यखर्चाच्या पहिल्या ५ लाख डॉलरवर २० टक्के, आणि पुढे उतरत्या टक्केवारीने. समजा एखाद्या संस्थेचा वर्षाचा खर्च ४ लाख डॉलर आहे, तर ती ८०,००० डॉलरपर्यंत लॉबिंगवर खर्च करू शकते. त्यातले जास्तीत जास्त २०,००० लोकांना ‘तुमच्या आमदाराला फोन करा’ असे आवाहन करण्यावर खर्च करता येतात. आणि हा हिशेब पैशांचा असल्यामुळे स्वयंसेवकाने बिनपगारी दिलेला वेळ त्यात धरला जात नाही. तुम्ही रजा काढून ट्रेंटनला गेलात तर संस्थेच्या मर्यादेतला एक पैसाही खर्ची पडत नाही.

छोट्या संस्थांच्या संचालक मंडळांना हा फॉर्म बरेचदा माहीत नसतो. मराठी मंडळींत सनदी लेखापाल, सीपीए आणि वकील यांची वाण नाही. एखाद्या संस्थेला हा फॉर्म समजावून सांगून, कर्मचाऱ्यांच्या वेळेची नोंद कशी ठेवायची याचा साधा तक्ता करून देणे ही हजार डॉलरच्या देणगीहून मोठी मदत ठरू शकते.

पैसा : किती याहून कसा हे महत्त्वाचे

सरकारी अनुदानाचा पैसा लॉबिंगवर वापरता येत नाही. पुनर्वसन संस्थांचा बहुतांश पैसा सरकारी असतो. या दोन वाक्यांत सगळे आले : धोरणाच्या कामासाठी लागणारा पैसा फक्त तुमच्याआमच्यासारख्या खासगी देणगीदारांकडून येऊ शकतो, तोसुद्धा त्यावर अटी नसतील तरच. म्हणून देणगी देताना ‘सर्वसाधारण कार्यासाठी’ असे लिहावे. ‘फक्त सतरंज्या घेण्यासाठी’ अशी अट घालू नये, आणि उत्साहाच्या भरात ‘फक्त लॉबिंगसाठी’ असेही लिहू नये, कारण लॉबिंगसाठी म्हणून राखून दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही. पैसा मोकळा द्यावा आणि कामाबद्दल प्रश्न विचारत राहावे.

एकदम मोठी रक्कम आणि मग तीन वर्षे शांतता, यापेक्षा दरमहा ठरावीक रक्कम संस्थेला अधिक उपयोगी पडते, कारण धोरण पाहणाऱ्या माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तुमच्या कंपनीत देणगीला जोड देण्याची योजना आहे का, ते पाहावे. या भागातल्या औषध, विमा आणि सॉफ्टवेअर क्षेत्रातील बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ती असते. अनेक ठिकाणी बेनेव्हिटीसारख्या मंचावरून अर्ज होतो आणि संस्था त्या यादीत नसेल तर तिला नोंदणी करायला सांगता येते. काही कंपन्या स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे संस्थेला देतात, पण नियम वाचून घ्यावेत, कारण लॉबिंगचे तास त्यात बहुधा चालत नाहीत.

करांबाबत दोन गोष्टी. २०२६ पासून, वजावटींची तपशीलवार यादी न देता प्रमाणित वजावट घेणाऱ्यांनाही रोख देणगीवर एकट्याला १,००० आणि संयुक्त विवरणात २,००० डॉलरपर्यंत वजावट घेता येते. यादी देणाऱ्यांना मात्र उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतच्या देणगीवर आता सवलत मिळत नाही. आणि ५०१(सी)(४) प्रकारच्या संस्थांना दिलेल्या पैशावर कोणतीच सवलत नसते. काही आघाड्या अशी जोडसंस्था चालवतात, कारण तिला लॉबिंगची मर्यादा नसते. सवलत नको असेल तर तिथला डॉलर पाठपुराव्याच्या कामात अधिक मोकळेपणाने फिरतो.

कोणत्या धोरणांच्या मागे उभे राहावे

हे ठरवण्याचे काम संस्थेचे आहे, आपले नव्हे. तरी मागणी समजून घेण्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. आरोग्याच्या बाबतीत न्यू जर्सीने जानेवारी २०२३ पासून उत्पन्नाच्या निकषात बसणाऱ्या सर्व मुलांना स्थलांतराच्या दर्जाचा विचार न करता विमा दिला आहे. त्यामुळे ऑक्टोबर २०२६ नंतरचा मोठा प्रश्न प्रौढांचा आहे. भाषेच्या बाबतीत जानेवारी २०२४ च्या कायद्याने राज्याच्या खात्यांना महत्त्वाचे कागद सर्वाधिक गरजेच्या सात भाषांत देणे बंधनकारक झाले, पण रोहिंग्या किंवा किन्यारवांडा बोलणारी कुटुंबे संख्येने थोडी असल्याने अशा याद्यांत त्यांची भाषा सहज सुटते. व्यावसायिक परवान्यांच्या बाबतीत टेनेसीचे उदाहरण द्यावे. राजकीयदृष्ट्या न्यू जर्सीच्या अगदी विरुद्ध टोकाच्या या राज्याने २०२३ मध्ये परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना तात्पुरत्या परवान्यावर काम करण्याचा मार्ग खुला करणारा कायदा केला. आणि युटाने त्याच वर्षी निर्वासितांना राज्यातल्या रहिवाशांच्या दराने महाविद्यालयीन शुल्क लागू केले. ‘हे फक्त एका पक्षाचे खूळ आहे’ असे म्हणणाऱ्या आमदारापुढे ही दोन उदाहरणे ठेवली की संभाषण पुढे सरकते.

वर्षाचे वेळापत्रक

विधेयके येतात आणि जातात. खरा निर्णय अर्थसंकल्पात होतो, आणि त्याची तारीख ठरलेली असते. राज्याचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. राज्यपालांचे अर्थसंकल्पीय भाषण फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये होते, मार्च-एप्रिलमध्ये सिनेट आणि असेंब्लीच्या अर्थसंकल्प समित्या नागरिकांचे म्हणणे ऐकतात, त्यानंतर खातेनिहाय छाननी होते आणि ३० जूनपर्यंत राज्यघटनेनुसार अर्थसंकल्प मंजूर व्हावाच लागतो. आपल्या सणांच्या भाषेत सांगायचे तर संक्रांतीला तयारी, पाडव्याच्या सुमारास साक्ष आणि आषाढीच्या आसपास निकाल. दुर्दैवाने आपल्या मंडळांचा सगळा दानधर्म गणपती ते दिवाळी या काळात होतो, म्हणजे अर्थसंकल्प मंजूर होऊन दोनचार महिने उलटल्यावर.

एक गोष्ट बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. अर्थसंकल्पात एखादी रक्कम वाढवून घ्यायची असेल तर आमदाराने त्यासाठी अर्थसंकल्पीय ठराव सादर करावा लागतो. ही प्रक्रिया वसंत ऋतूत चालते आणि तिची मुदत लवकर संपते. संस्थेचा धोरण अधिकारी त्या काळात आमदारांच्या कचेऱ्यांत फेऱ्या मारत असतो, आणि त्याला सर्वाधिक गरज असते ती त्याच मतदारसंघात राहणाऱ्या माणसाची, जो म्हणेल की ‘मी तुमच्या भागात राहतो आणि हे मला महत्त्वाचे वाटते.’ न्यू जर्सीत ४० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य निवडून येतात, म्हणजे तुमचे प्रतिनिधी तीन आहेत. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर पत्ता घातला की तिघांची नावे आणि स्थानिक कचेऱ्या मिळतात. ट्रेंटनपेक्षा स्थानिक कचेरीत भेट मिळवणे सोपे असते. तिथे आमदार न भेटता त्याचा साहाय्यक भेटला तर निराश होऊ नये, कारण ठरावाचा कागद प्रत्यक्षात तोच तयार करतो.

आणखी एक दार फारसे कोणी वाजवत नाही. केंद्राच्या नियमांनुसार राज्यांनी निर्वासित पुनर्वसनाविषयी स्थानिक संस्थांसोबत दर तीन महिन्यांनी बैठक घ्यायची असते. राज्याच्या मानवसेवा खात्यातील न्यू अमेरिकन्स कार्यालयाला पुढची बैठक कधी आहे आणि त्यात नागरिकांना बसता येईल का, हे विचारावे. नाही म्हणाले तर आपल्या संस्थेचा प्रतिनिधी जातो का आणि त्याला तुमच्याकडून कोणती माहिती हवी, हे पाहावे.

सुनावणीला जाताना

समितीसमोर बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. अर्जावर विधेयकाचा क्रमांक, तुमचे नाव, गाव, बाजूने की विरोधात, आणि प्रत्यक्ष बोलायचे आहे की नाही, एवढेच असते. ‘बाजूने, बोलण्याची गरज नाही’ हा पर्याय क्षुल्लक समजू नये. अध्यक्ष अशा लोकांची नावे एकामागून एक मोठ्याने वाचतात, आणि एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी अशा गावांतून पंधरावीस नावे वाचली गेली की समितीतल्या सदस्यांच्या नजरा वर उठतात. ज्यांना माईकसमोर घाबरायला होते त्यांच्यासाठी ही मदत पुरेशी आहे. अर्थसंकल्पाच्या सुनावणीसाठी लेखी निवेदन पाठवता येते, आणि अलीकडच्या वर्षांत ऑनलाइन साक्षीचीही सोय झालेली आहे.

बोलायचे असेल तर साधारण तीन मिनिटे मिळतात, गर्दी असेल तर दोन. पहिल्याच वाक्यात मागणी यावी : ‘अध्यक्ष महोदय, मी मिडलसेक्स काउंटीत राहतो आणि अमुक क्रमांकाच्या विधेयकाला माझा पाठिंबा आहे.’ दुसऱ्या वाक्यात तुमचा आणि विषयाचा संबंध. ‘मी स्वतः स्थलांतरित आहे’ असे जरूर म्हणावे, पण तिथेच न थांबता फरक मान्य करावा : आपण नोकरीचे पत्र आणि पदवीची प्रमाणपत्रे हातात घेऊन आलो, त्यांना ती घ्यायला वेळ मिळाला नाही. त्यानंतर एकच ठोस गोष्ट सांगावी. परिचारिकेच्या परवान्याचा विषय असेल तर कोणता कागद कोणत्या कचेरीतून मिळत नाही, कारण ती कचेरीच आता उरलेली नाही, इतक्या तपशिलात जावे. शेवटी मागणी पुन्हा एकदा आणि आभार. आकडेवारीचा मारा संस्थेच्या प्रतिनिधीवर सोडावा. निवेदन आदल्या दिवशी संस्थेला दाखवावे, कारण तुमचे एखादे उत्साही वाक्य त्यांच्या वाटाघाटीत आडवे येऊ शकते. विधेयक ऐनवेळी कार्यसूचीवरून काढले जाण्याचे प्रकारही सर्रास घडतात, तेव्हा निघण्यापूर्वी सकाळी कार्यसूची पुन्हा पाहावी.

निर्वासित व्यक्तीला साक्षीसाठी पुढे करण्याचा मोह मात्र आवरावा. तिचे नाव, चेहरा आणि गाव कायमचे सार्वजनिक नोंदीत जाते, आणि मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्याची झळ बसू शकते. बोलायचे की नाही हे ती आणि तिचा वकील ठरवतील. आपण गाडीने नेणे-आणणे, मुले सांभाळणे, तिच्या बुडालेल्या रोजाची भरपाई संस्थेमार्फत करणे, ही कामे पाहावीत.

व्हिसावर असलेल्यांनी काय करावे

ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाला केंद्र, राज्य किंवा स्थानिक पातळीवरील उमेदवाराला देणगी देण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे एच-१बी किंवा एच-४ वर असलेल्यांनी आमदाराच्या निधिसंकलनाच्या जेवणाचे तिकीट काढू नये, मग बोलावणारा कितीही ओळखीचा असो. धर्मादाय संस्थेला देणगी देणे, आमदाराला पत्र लिहिणे किंवा सुनावणीत बोलणे यांवर ती मनाई नाही. स्वयंसेवा करतानाही काम खरोखर बिनपगारी आणि एरवी पगारी नोकर न ठेवता होणाऱ्या स्वरूपाचे असावे. संस्थेचे संकेतस्थळ महिनोन्‌महिने पूर्णवेळ सांभाळणे यात बसेलच असे नाही. स्वतःचा अर्ज प्रलंबित असेल आणि मनात शंका असेल तर आपल्या वकिलाला विचारून मगच उघडपणे पुढे यावे, तोवर फॉर्म वाचण्याचे आणि तक्ते करण्याचे काम घ्यावे.

मंडळाचा उपयोग

बहुतेक महाराष्ट्र मंडळे स्वतः ५०१(सी)(३) आहेत, म्हणजे वर सांगितलेले नियम त्यांनाही लागू. कार्यकारिणीने आधी घटना वाचावी, मग एखाद्या संस्थेशी वर्षभराचे नाते जोडण्याचा ठराव करावा. व्यासपीठावर निर्वासित कुटुंबाला बोलावून शाल-श्रीफळ देण्याचा कार्यक्रम करू नये. त्यांना ते अवघडल्यासारखे होते आणि छायाचित्रे कुठे जातील यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही. त्याऐवजी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाचा खर्च संस्थेच्या सर्वसाधारण निधीला द्यावा आणि तिथेच अर्थसंकल्पाच्या सुनावणीसाठी दहा जणांची नावे टिपून घ्यावीत. जानेवारीतला हा कार्यक्रम वेळापत्रकात अगदी नेमका बसतो.

भाषेचा उपयोग जपून करावा. अनेक अफगाण कुटुंबांना हिंदी-उर्दू बऱ्यापैकी समजते, आणि पेनसिल्व्हेनिया किंवा ओहायोत राहणाऱ्या मराठी वाचकांच्या शेजारी भूतानमधून आलेला नेपाळीभाषक समाज मोठ्या संख्येने आहे, ज्याची लिपी देवनागरीच आहे. बाजारहाट, शाळेची ओळख, सुनावणीच्या दिवशीची सोबत यासाठी ही जवळीक कामाला येते. दवाखाना, न्यायालय आणि सरकारी मुलाखत या ठिकाणी मात्र प्रशिक्षित दुभाषाच मागावा. तिथे अर्धवट कळलेला एक शब्द माणसाला महागात पडतो.

टेक्सास किंवा टेनेसीसारख्या राज्यांत राहणाऱ्यांनी एक पायरी आधी घ्यावी. ही राज्ये केंद्राच्या कार्यक्रमातून बाहेर पडलेली आहेत आणि तिथला समन्वय स्वयंसेवी संस्थांकडे आहे, त्यामुळे राज्य सरकारात कोणाला फोन करायचा हा प्रश्नच वेगळा होतो. आपल्या राज्यात सध्या ही जबाबदारी कोणाकडे आहे, ते निर्वासित पुनर्वसन कार्यालयाच्या संकेतस्थळावरील राज्यनिहाय यादीत पाहून मगच संस्था शोधावी.

३० जूननंतर

अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर त्याची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येते. तुमची मागणी असलेले शीर्ष शोधून रक्कम पाहावी, आणि राज्यपालांना एखादी तरतूद वगळण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार असल्यामुळे सहीबरोबर आलेले निवेदनही वाचावे. रक्कम मिळाली असेल तर ठराव मांडणाऱ्या आमदाराला दोन ओळींचे आभाराचे पत्र त्याच आठवड्यात जावे. तक्रारीची पत्रे त्यांना रोज येतात, अशी क्वचित येतात. पैसा मंजूर होणे आणि तो संस्थांपर्यंत पोचणे यात महिने जातात, म्हणून सप्टेंबरमध्ये संस्थेला विचारावे की खात्याने अर्ज मागवले का. विधेयक अडले असेल तर अधिवेशन कधी संपते ते पाहावे. न्यू जर्सीचे अधिवेशन दोन वर्षांचे असते, सम वर्षाच्या जानेवारीत नवे सुरू होते आणि त्या दिवशी जुनी सगळी प्रलंबित विधेयके रद्द होतात. तेच विधेयक पुन्हा मांडले गेले तर त्याचा क्रमांक बदललेला असतो, तेव्हा जुन्या क्रमांकाने लिहिलेली पत्रे आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणारे संदेश त्याच वेळी काढून टाकून संस्थेकडून नवा क्रमांक मागून घ्यावा.